खिशात राहील आणि वेळेला टिकेल असं मल्टिटूल कसं निवडावं

मल्टिटूल म्हणजे पक्कड, पातं, स्क्रू ड्रायव्हर अशी अनेक हत्यारं घडी होऊन एकात बसलेली खिशातली वस्तू. तिच्या खोक्यावर सगळ्यांत ठळक छापलेला आकडा असतो तो हत्यारांचा. १४, १८, ३०. निवड करताना सगळ्यांत कमी कामाचा आकडाही तोच. लेदरमन कंपनीच्या वेव्ह प्लस या मॉडेलमध्ये १८ हत्यारं मोजलेली आहेत. पण पक्कडीचं निमुळतं टोक, तिचाच मधला दातेरी भाग, साधी तार तोडायची जागा, कडक तार तोडायची जागा आणि कनेक्टर दाबायची खाच ही पाच हत्यारं म्हणजे एकच जबडा. मुठीवर कोरलेली मोजपट्टी हेही एक हत्यार धरलंय. यात फसवणूक काही नाही, मोजायची रीतच तशी आहे. आणि हे तर नावाजलेल्या कंपनीचं झालं. स्वस्तातल्या मालात आकडा फुगवायला कधी न लागणारी पाती कोंबतात आणि त्यांना जागा व्हावी म्हणून लागणारी पाती पातळ करतात. तेव्हा हा आकडा सोडून द्या आणि पक्कड, लॉक (उघडलेलं पातं आपोआप मिटू न देणारी अडकण) व वजन यांच्याकडे बघा.

पायरी १ : आधी काम, मग हत्यार

आठवडाभर मोबाइलवर नोंद ठेवा. ‘आत्ता हाताशी काहीतरी हवं होतं’ असं वाटलं की नेमकं काय हवं होतं ते लिहा. पार्सल फोडायला पातं, दोरा कापायला कात्री, बोटात गेलेल्या कुसळाला चिमटा, चष्म्याचा बारीक स्क्रू अशी यादी झाली, तर तुम्हाला पक्कडीची गरजच नाही. उलट घट्ट बसलेला नट, वाकलेली तार, निघत नसलेला खिळा, गळणारा जॉइंट हे वारंवार आलं, तर पक्कड नसलेलं काहीही घेऊन उपयोग नाही.

बाजारातली दोन मोठी घराणी याच फरकातून निघाली आहेत. पहिलं चाकूचं. स्वित्झर्लंडच्या कार्ल एल्सनरने १८९१ मध्ये सैन्याला शिपायांचे चाकू पुरवले आणि १८९७ मध्ये अधिकाऱ्यांसाठीच्या हलक्या चाकूची नोंदणी केली. एकाच स्प्रिंगवर दोन्ही बाजूंची पाती पेलायची ही त्यातली युक्ती, म्हणूनच इतकं सगळं इतक्या कमी जाडीत मावलं. तोच आजचा व्हिक्टोरिनॉक्स. दुसरं घराणं पक्कडीचं. टिम लेदरमन हा अमेरिकी माणूस १९७५ मध्ये एक जुनी फियाट घेऊन युरोपात हिंडत होता. गाडी सारखी बिघडायची, खिशात चाकू होता, पण हवी असायची पक्कड. ती मुठींच्या आत घडी होऊन बसेल असं हत्यार विक्रीला यायला १९८३ उजाडलं. चाकूच्या घराण्यात कात्री आणि चिमटा सहसा सरस असतात. पक्कडीच्या घराण्यात जोर सरस, पण वजनही जास्त.

पायरी २ : वजन ठरवा, आणि ते प्रामाणिकपणे ठरवा

किल्ल्यांना अडकवायचा ५८ मिमीचा व्हिक्टोरिनॉक्स क्लासिक साधारण २१ ग्रॅमचा. ९१ मिमीचे, कात्री-करवत असलेले चाकू १०० ग्रॅमच्या आसपास. लेदरमनचं स्केलेटूल १४२ ग्रॅम, वेव्ह प्लस २४१ आणि सर्ज ३३५. साध्या स्मार्टफोनचं वजन २०० ग्रॅमच्या अलीकडे-पलीकडे असतं, म्हणजे वेव्ह खिशात टाकणं हे दुसरा फोन खिशात टाकण्यासारखंच. शिवाय ते फोनसारखं चपटं नाही.

माझं मत सरळ आहे: पँटच्या खिशात १५० ग्रॅमच्या वरचं काही महिनाभरही टिकत नाही. आधी ते पाऊचमध्ये जातं, मग बॅगेत, मग ड्रॉवरमध्ये. रोज पट्ट्याला पाऊच लावायची तयारी असेल तर २०० ते २५० ग्रॅमचं घ्या, त्यात पूर्ण आकाराची पक्कड मिळते. ३०० च्या पुढचं गाडीत किंवा कामाच्या पिशवीत शोभतं. दोन्ही गरजा असतील तर एकाच मधल्या आकाराच्या वस्तूत तडजोड करण्यापेक्षा किल्ल्यांना एक छोटं आणि गाडीत एक दणकट, अशी जोडी जास्त कामाची.

पायरी ३ : पोलाद

यावर लोक तासन्‌तास वाद घालतात, तितकी गरज नाही. मल्टिटूलचं पातं बहुधा ४२०एचसी किंवा तशाच जातीच्या पोलादाचं असतं. त्यात क्रोमियम साधारण १३ टक्के, त्यामुळे गंज लवकर धरत नाही. कडकपणा रॉकवेल मापावर ५५ ते ५८. धार लवकर उतरते, पण साध्या दगडावर पाच मिनिटांत परत येते. महाग मॉडेलांत १५४सीएम किंवा एस३०व्ही अशी पोलादं असतात. त्यांची धार जास्त टिकते, पण एकदा गेली की लावायला हिऱ्याची पट्टी आणि सवड दोन्ही लागतात. ज्याला धार लावायची सवय नाही त्याने साधं पोलाद घ्यावं.

मात्र सगळ्या पात्यांना एकच कडकपणा असणं हे चांगलं लक्षण नव्हे. व्हिक्टोरिनॉक्स मोठं पातं ५६ रॉकवेलचं ठेवतं आणि स्क्रू ड्रायव्हर ५२ चा, कारण स्क्रू ड्रायव्हर फार कडक झाला तर पिळताना कडकन तुटेल. वर्णनात पोलादाची जात कुठेच न देता नुसतं ‘उच्च दर्जाचं स्टेनलेस’ लिहिलेलं दिसलं की मी ती वस्तू बाजूला ठेवतो.

पायरी ४ : हातात घेऊन तपासा

खरी निवड इथे होते. ऑनलाइन मागवलं असेल तर परत करायची मुदत संपायच्या आत हे सगळं घरी करा.

पक्कडीपासून सुरुवात करा. ती मिटून उजेडासमोर धरा. टोकं एकमेकांना नीट टेकली पाहिजेत. मागे किंचित फट चालते, पण टोकाशी फट असेल तर बारीक तार किंवा काटा कधीच धरता येणार नाही. टोकांत कागदाचा कपटा धरून ओढा, तो सुटता कामा नये. मग जबडे आडवे पिळून बघा. एक जबडा दुसऱ्यावरून सरकत असेल तर बिजागरीच ढिली आहे आणि ती वापराने आणखी ढिली होणार. आता मुठी जोरात दाबा, अगदी नट फिरवताना लावाल तेवढ्या जोराने. तळहाताला कडा रुततात का? मुठी मिटताना मधे कातडी चिमटते का? पातळ पत्र्याच्या मुठी असलेल्या मालाचं पितळ इथेच उघडं पडतं, कारण जोर लावला की त्या वाकतात आणि तुमचा अर्धा जोर त्या वाकण्यातच जातो.

तार तोडायच्या जागेत साधा कागद कापून बघा. स्वच्छ कापला गेला तर धारा नीट जुळल्या आहेत. काही मॉडेलांत या धारा स्क्रू काढून बदलता येतात, आणि तार तोडायचं काम नेहमीचं असेल तर त्यासाठी थोडे जास्त पैसे मोजायला हरकत नाही. स्प्रिंग किंवा गळ यांसारखं कडक पोलाद नेहमीच्या जागी घातलं तर धारेला खाच पडते. त्यासाठी बिजागरीजवळ वेगळी जागा असते, नसेल तर तो मोह टाळायचा.

मग एकेक पातं उघडा. नखं मोडतात का? एक उघडताना शेजारची दोन सोबत बाहेर येतात का? नव्या मल्टिटूलमध्ये थोडा घट्टपणा असतोच, तो वापराने जातो. पण सगळी पाती जुडीने येत असतील तर ती रचनेतली खोट आहे, ती जात नाही. उघडलेलं पातं डावी-उजवीकडे हलवून पाहा. केसभर हालचाल समजू शकतो, खुळखुळणं नाही.

लॉकची परीक्षा जपून करा. बोटं पात्याच्या वाटेत येणार नाहीत अशी धरा आणि पात्याची बोथट पाठ टेबलाच्या कडेवर हलकेच दाबा. लॉक सुटलं तर वस्तू परत. मुख्य पात्याला बहुधा लॉक असतं, पण करवत आणि स्क्रू ड्रायव्हरला ते आहे का हेही बघा. स्क्रू पिळताना स्क्रू ड्रायव्हर मिटून बोटावर येणं हा लॉक नसलेल्या मल्टिटूलचा अगदी नेहमीचा अपघात आहे.

स्क्रू ड्रायव्हर खऱ्या स्क्रूत घालून बघा, शक्यतो थोड्या खोल बसलेल्या. जागा वाचवायला काही कंपन्या चौफुलीचं टोक चपटं करतात. ते चालतं, पण स्क्रूचं डोकं आधीच झिजलेलं असेल तर घसरतं. बिट बदलायची सोय असेल तर खाच कुठली आहे ते विचारा. पाव इंची, म्हणजे ६.३५ मिमीची षट्कोनी खाच असेल तर कुठलंही साधं बिट बसतं. कंपनीचं स्वतःचं चपटं बिट असेल तर हरवल्यावर त्याच कंपनीकडे जावं लागतं.

कात्रीने सैल कापड टोकापासून कापा. करवत आणि कानस यांकडे एक नजर टाकली तरी पुरे.

शेवटी जोडणी बघा. बिजागऱ्या स्क्रूंच्या असतील तर त्या आवळता येतात, कधीकधी पातंही बदलता येतं. रिव्हेट, म्हणजे ठोकून कायमची बसवलेली खीळ असेल तर ती सहसा ढिली होत नाही, पण झाली की घरी इलाज नाही. पक्कडीच्या मल्टिटूलला मी स्क्रूच पसंत करतो. चाकूच्या घराण्यात रिव्हेट वर्षानुवर्षं टिकलेल्या दिसतात, कारण तिथे बिजागरीवर तेवढा जोर येतच नाही.

पायरी ५ : आणीबाणीच्या नजरेने पुन्हा एकदा

आणीबाणीत एक हात अडकलेला असतो, ओला असतो किंवा थरथरत असतो. म्हणून हात ओला करून, आणि ज्या हाताने तुम्ही लिहीत नाही त्या हाताने, मुख्य पातं उघडून मिटवून बघा. मूठ आधी उलगडल्याशिवाय आतलं पातं निघत नसेल तर ते मल्टिटूल दुरुस्तीला चांगलं, संकटात हळू.

गाडीसाठी घेत असाल तर सीटबेल्ट कापायची आकडी आणि काच फोडायचं टोक आहे का ते बघा. पण त्यावर सगळी भिस्त ठेवू नका. समोरची काच दोन थरांमध्ये प्लॅस्टिक घालून बनवलेली लॅमिनेटेड असते, ती अशा टोकाने फुटून मोकळी होत नाही. आता पुष्कळ गाड्यांच्या बाजूच्या काचाही तशाच असतात. अमेरिकेतल्या एएए या वाहनचालकांच्या संघटनेने २०१९ मध्ये काच फोडायची सहा साधनं तपासली: चारांनी साधी टेंपर्ड, म्हणजे तापवून कडक केलेली एकाच थराची काच फोडली, लॅमिनेटेड काच एकालाही फोडता आली नाही. गाडीतली कुठली काच टेंपर्ड आहे ते काचेच्या कोपऱ्यातल्या शिक्क्यावर वाचून आजच लक्षात ठेवा. घाव काचेच्या मधोमध न घालता कोपऱ्याजवळ घालायचा. आणि मल्टिटूल डिकीत ठेवायचं नाही. बेल्ट लावून बसल्या जागेवरून हात पोचला पाहिजे.

विजेबाबत एकच: मुठी पोलादाच्या असतात, त्यांवर विद्युतरोधक आवरण नसतं. चालू लाइनला मल्टिटूल लावायचं नाही.

पायरी ६ : कायदा आणि प्रवास

लॉक होणारं पातं हाताला सुरक्षित, पण काही ठिकाणी कायद्याला नकोसं. ब्रिटनमध्ये धारेची लांबी ३ इंचांपर्यंत, म्हणजे ७.६२ सेंमीपर्यंत असलेला, लॉक न होणारा घडीचा चाकू बाळगायला कारण द्यावं लागत नाही. लॉक होणाऱ्याला सबळ कारण लागतं, आणि मल्टिटूलच्या आत असला म्हणून त्याला सूट नाही. जिथे राहता आणि जिथे जाणार आहात तिथला नियम खरेदीआधी बघा. विमानात पातं असलेलं मल्टिटूल केबिनच्या सामानात चालत नाही, ते चेक-इन बॅगेत टाका. सतत विमानाने फिरणाऱ्यांसाठी पातं नसलेली मॉडेलं मिळतात, पण सुरक्षा तपासणीच्या टेबलावर अखेरचा शब्द समोरच्या अधिकाऱ्याचा असतो.

पायरी ७ : हमी आणि नक्कल

लेदरमन २५ वर्षांची हमी देतं. व्हिक्टोरिनॉक्स पोलाद आणि कारागिरीतल्या दोषांसाठी आयुष्यभराची. झीज आणि चुकीचा वापर यांत धरत नाहीत, म्हणजे पात्याने डबा उचकटताना टोक मोडलं तर ते तुमचं. हमी कागदावर किती आहे यापेक्षा वस्तू दुरुस्तीला कुठे पाठवायची हे विचारा.

नामवंत मॉडेलांच्या नकला सर्रास मिळतात. कंपनीच्या साइटवर वजन दिलेलं असतं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून पडताळा. नक्कल बहुधा वजनात चुकते, शिवाय कोरलेली अक्षरं उथळ असतात आणि बिजागरीशी कडा खरखरीत लागतात.

पायरी ८ : घरी आणल्यावर

कोमट पाण्यात साबण घालून धुवा, सगळी पाती उघडी ठेवून पूर्ण वाळवा, मग प्रत्येक बिजागरीत पातळ तेलाचा एकेक थेंब सोडून पाती दहा-बारा वेळा उघडा-मिटवा. फळं कापणार असाल तर खाण्याला चालणारं मिनरल ऑइल वापरा. स्क्रू असतील तर पातं हलणार नाही पण अडकणारही नाही इतपतच आवळा. समुद्राच्या पाण्यात भिजलं तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा. ओलं मल्टिटूल चामड्याच्या पाऊचमध्ये कधीच ठेवू नका: चामडं ओल धरून ठेवतं आणि स्टेनलेस पोलादालाही बिजागरीच्या आत, जिथे डोळा पोचत नाही तिथे, गंजाचे ठिपके पडतात.