बॅटरीवरची हत्यारं घरासाठी निवडताना : आधी बॅटरी, मग ड्रिल

एका कंपनीची बॅटरी सहसा दुसऱ्या कंपनीच्या हत्याराला बसत नाही. त्यामुळे पहिलं ड्रिल घेतलं त्याच दिवशी पुढची करवत, ग्राइंडर आणि सँडर कुठले असणार हेही ठरून जातं. एकाच कंपनीतही फसगत होते. बॉशची घरगुती वापराची हिरवी हत्यारं आणि व्यावसायिक निळी हत्यारं दोन्ही १८ व्होल्टची असतात, पण त्यांच्या बॅटऱ्या एकमेकांना चालत नाहीत. मकिटाच्या १८ आणि ४० व्होल्टच्या मालिकाही वेगळ्या. म्हणून आधी बॅटरीची मालिका ठरवायची आणि त्या मालिकेत पुढे लागतील ती सगळी हत्यारं मिळतात का ते बघायचं.

सुरुवात कागदावर करा. पुढच्या दोन वर्षांत घरात खरोखर कराल ती कामं लिहा आणि प्रत्येकापुढे कशात भोक पाडायचं किंवा काय कापायचं ते लिहा. फर्निचर जोडणं, बिजागऱ्या बसवणं, प्लायवूडला स्क्रू मारणं एवढंच असेल, तर १२ व्होल्टची मालिका पुरते. ती हलकी असते आणि कपाटाच्या आत हात घालून काम करताना मनगट दुखत नाही. विटांच्या भिंतीत शेल्फ, पडद्यांच्या दांड्या, फळ्या कापणं हेही असेल तर १८ व्होल्ट घ्या. बहुतेक घरांसाठी आमचं मत याच मालिकेला आहे, कारण हत्यारांची सर्वाधिक विविधता तिथेच मिळते.

काँक्रीटचं मात्र वेगळं आहे. हॅमर ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासून टकटक करतात, आणि जोर तुम्हालाच लावावा लागतो. विटेत हे चालतं. काँक्रीटच्या बीममध्ये बिट (भोक पाडणारी सळई) नुसतं फिरत राहतं, तापतं आणि त्याची धार जाते. रोटरी हॅमरमध्ये पिस्टन हवा दाबतो आणि त्या दाबाने आतला ठोकळा बिटावर आपटतो. तुम्ही फक्त यंत्र सरळ धरायचं. त्याला एसडीएस-प्लस प्रकारचे, दांड्याला खाचा असलेले बिट लागतात, साध्या ड्रिलचे गोल दांड्याचे चालत नाहीत. पण वर्षातून दोनदाच काँक्रीटला भोकं पाडायची असतील, तर त्यासाठी वायरचा रोटरी हॅमर घ्या. बॅटरी वापराविना पडून खराब होते, वायरला तो प्रश्न नाही.

आता आकड्यांकडे. या बॅटऱ्यांच्या आतला लिथियम-आयन सेल साधारण ३.६ व्होल्टचा धरतात, पूर्ण चार्ज झाल्यावर तो सुमारे ४.२ पर्यंत जातो. पाच सेल एकापाठोपाठ जोडले की १८ व्होल्ट होतात, आणि चार्जिंग पूर्ण झाल्या झाल्या मोजले तर २० च्या वर भरतात. म्हणजे ‘२० व्होल्ट मॅक्स’ आणि ‘१८ व्होल्ट’ ही एकाच गोष्टीची दोन नावं. तसंच १०.८ आणि १२ चं. स्वस्त सेटवर ‘४८ व्हीएफ’, ‘८८ व्हीएफ’ असे आकडे छापलेले असतात. त्यांना व्होल्ट समजू नका. आत बहुतेकदा तेच पाच सेल असतात.

व्होल्टपेक्षा अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीत किती चार्ज साठतो ते, बघण्यात जास्त वेळ घालवा. १८६५० या ठरावीक मापाचे गोल सेल असतील, तर २ अँपिअर-अवरच्या बॅटरीत पाच सेलांची एकच रांग असते आणि ४ किंवा ५ च्या बॅटरीत दोन रांगा, म्हणजे दहा सेल. मोठी बॅटरी जास्त वेळ चालते हे सगळ्यांनाच माहीत असतं, पण ती जोरही जास्त देते. समजा, ग्राइंडर ७२० वॅट ओढतोय. १८ व्होल्टला ७२० वॅट म्हणजे ४० अँपिअर. एकाच रांगेत हे सगळे ४० प्रत्येक सेलमधून जातात. सेल तापतात, व्होल्टेज खाली बसतं आणि हत्यार मध्येच बंद पडतं. लोकांना वाटतं ग्राइंडर बिघडला, दोष असतो बॅटरीचा. दोन रांगांमध्ये हाच भार प्रत्येकी २० वर येतो. म्हणून एक २ ची (ड्रिलला, डोक्यावर हात करून काम करताना हलकी) आणि एक ४ किंवा ५ ची (करवत, ग्राइंडरला) अशी जोडी घरासाठी उत्तम. दोन १.५ च्या बॅटऱ्यांचा सेट स्वस्त दिसतो, पण पुढे करवत घेतली की तो अपुरा पडतो.

चार्जरवरचे अँपिअरही वाचा. ४ अँपिअर-अवरच्या बॅटरीला २ अँपिअरचा चार्जर दोन तासांहून थोडा जास्त वेळ घेतो, कारण शेवटी चार्जिंग मंदावतं. १ अँपिअरचा असेल तर अर्धा दिवस गेला.

ब्रशलेस मोटर परवडत असेल तर घ्या. तिच्यात झिजणारे कार्बनचे ब्रश नसतात, घर्षण कमी होतं आणि त्याच चार्जवर काम जास्त होतं.

दुकानात हत्यार बॅटरी लावूनच हातात घ्या, नुसतं उचलून तोल कळत नाही. चकमध्ये (बिट पकडणाऱ्या तोंडात) लांब, सरळ बिट लावा आणि हळू फिरवून टोकाकडे बघा. टोक गोल गोल डुलत असेल, तर बारीक भोकं कधीच नेमकी पडणार नाहीत. ट्रिगर अगदी हळू दाबा. वेग शून्यापासून हळूहळू वाढायला हवा, एकदम उसळी नको. ही उसळी असेल तर स्क्रूचं डोकं खरवडलं जाणार हे नक्की.

सुट्या बॅटरीची किंमत हत्यार घेण्याआधी विचारा. नकली बॅटरी ओळखायला वजनकाटा वापरा. एक १८६५० सेल सुमारे ४५ ग्रॅमचा असतो, दहा सेलांचेच ४५० होतात. वर कवच आणि सर्किट. असे दहा सेल असल्याचा दावा करणारी बॅटरी ४०० ग्रॅमची भरली, तर ती परत करा. दुसऱ्या कंपनीची बॅटरी बसवणारे अडॅप्टरही टाळा. काही मालिकांत बॅटरी फार उतरली की पुरवठा तोडणारं सर्किट हत्यारात असतं. परक्या हत्यारात ते काम कुणीच करत नाही. सेल मर्यादेपेक्षा खाली उतरतात आणि मग चार्जर त्यांना घेतच नाही.

महिनाभर काम नसेल तर बॅटरी हत्यारातून काढून अर्ध्या चार्जवर, थंड आणि कोरड्या जागी ठेवा. भरलेली बॅटरी उन्हात तापलेल्या गाडीत ठेवली, तर ती लवकर म्हातारी होते. आणि बिट किंवा चकती बदलताना प्रत्येक वेळी आधी बॅटरी बाहेर.