ड्युशेनमध्ये मांडीचा एमआरआय: चरबीची टक्केवारी भरवशाची मिळवायची तर

ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफीत स्नायूचे तंतू मरत जातात आणि त्यांची जागा चरबी घेते. लहान मुलगा वाढीच्या वयात काही काळ चालण्याच्या चाचणीत उलट सुधारताना दिसतो, आतून स्नायू मात्र जातच असतो. एमआरआय ते दाखवतो. पण वर्षभरातला बदल बऱ्याचदा काही टक्क्यांचाच असतो, त्यामुळे मोजण्यातली चूक त्याहून लहान ठेवणं हेच इथलं खरं काम.

तपासणीआधी दोन दिवस दमवणारा व्यायाम नको. त्याने स्नायूतलं पाणी वाढतं आणि टी-२ (स्नायूतल्या पाण्याचा, म्हणजे सुजेचा, अंदाज देणारा एमआरआयचा आकडा) चुकतो. व्हीलचेअर आणि धातूचे स्प्लिंट बाहेरच ठेवा. पाठीत रॉड असेल तर त्याचे कागद आधी मागवा. रात्री बायपॅप (मास्कमधून श्वासाला आधार देणारं यंत्र) लागणाऱ्या मुलाला सपाट झोपून किती वेळ श्वास जमतो, ते पालकांना विचारा. कॉन्ट्रास्टची (चित्र उठावदार करायला शिरेतून देतात त्या औषधाची) गरज नाही. भूल शक्यतो टाळा. द्यावीच लागली तर भूलतज्ज्ञांना निदान स्पष्ट सांगा: या आजारात सक्सिनिलकोलिन या स्नायू सैल करणाऱ्या औषधाने रक्तातलं पोटॅशियम झपाट्याने चढून हृदय बंद पडू शकतं.

मुलाला पाय आधी आत, उताणं झोपवा. गुडघे सरळ होत नसतील तर ओढू नका. खाली फोमची उशी द्या आणि तिची उंची लिहून ठेवा, पुढच्या वेळी तीच लागेल. पट्टा मांडीवर आवळू नका, दबलेल्या स्नायूचा आकार बदलतो.

सगळ्यात जास्त गडबड होते ती स्लाइसच्या, म्हणजे मांडीच्या ज्या आडव्या कापाचं चित्र घेतो त्याच्या, जागेत. एकाच स्नायूत चरबी सगळीकडे सारखी नसते, टोकांकडे बहुधा जास्त आणि मध्यावर कमी. दीड-दोन सेंटीमीटर वरखाली झालं की वर्षभराच्या आजाराएवढा फरक नुसत्या सरकण्याने दिसू शकतो. ‘गुडघ्यापासून १५ सेंमी’ असं ठरवूनही चालत नाही, कारण मूल वाढतं. कोरोनल (समोरून दिसणाऱ्या) चित्रावर मांडीच्या हाडाची लांबी मोजा, आणि स्लाइसचा मध्य त्या लांबीच्या ठरावीक अंशावर, उदाहरणार्थ बरोबर निम्म्यावर, ठेवा. दर वेळी तोच अंश.

सिक्वेन्स (चित्र घेण्याची पद्धत) म्हणून डिक्सन घ्या, ती पाण्याचा आणि चरबीचा संकेत वेगळा काढते. ३ टेस्लावर ३.४५, ४.६ आणि ५.७५ मिलिसेकंद हे तीन इको (संकेत वाचण्याच्या वेळा) चांगले जमतात: मधल्यात पाण्याचा आणि चरबीचा संकेत एका दिशेला, बाजूच्या दोन्हींत विरुद्ध. फ्लिप अँगल (रेडिओ लहरींनी चुंबकत्व किती कलवायचं तो कोन) लहान, ३ ते ५ अंश, ठेवा. तो मोठा ठेवला तर चरबीचा टी-१ (कललेलं चुंबकत्व पूर्ववत होण्याचा काळ) आखूड असल्याने ती जास्त उजळ येते आणि टक्केवारी फुगते. मांडीतल्या रक्तवाहिन्यांचे ठसे स्नायूवर उमटू नयेत म्हणून स्लाइसच्या वर सॅच्युरेशन बँड (येणाऱ्या रक्ताचा संकेत दाबणारा पट्टा) लावा. मूल टेबलवर असतानाच पाण्याचं आणि चरबीचं चित्र शेजारी ठेवून बघा. एखाद्या भागात दोन्हींची अदलाबदल झालेली असते, बहुधा कडेला. तिथे त्वचेखालची चरबी ‘पाण्यात’ उजळ दिसली की ओळखा.

टी-२ मोजायचा असेल तर चरबीचा वाटा वेगळा काढणारं गणित वापरा. चरबीचा टी-२ लांब असतो. ती न वगळता आलेला आकडा सूज दाखवतोय की चरबी, हे कळत नाही.

मोजताना स्नायूच्या आत छोटं वर्तुळ काढू नका. आवरणाच्या किंचित आतून, मोठ्या रक्तवाहिन्या वगळून, अख्ख्या स्नायूची कड आखा. निदान तीन सलग स्लाइसवर. व्हास्टस लॅटरॅलिस (मांडीच्या बाहेरच्या बाजूचा स्नायू) पाठपुराव्याला फार उपयोगी, कारण त्यातली चरबी चालणं थांबण्याच्या काळाशी चांगली जुळते. ग्रॅसिलिस आणि सार्टोरियस हे मांडीचे स्नायू उशिरापर्यंत टिकतात. ते आधी गेलेले आणि बाकीचे शाबूत दिसले, तर चित्र ड्युशेनचं आहे का, ते जनुकीय अहवालाशी पुन्हा ताडून बघा. आखणाऱ्याला ती तपासणी पहिली की दुसरी, हे कळू देऊ नका.

स्कॅनरचं सॉफ्टवेअर किंवा कॉइल (संकेत पकडणारा भाग) बदलणार असेल, तर बदलाआधी आणि नंतर तेल-पाण्याचं ठरावीक प्रमाण असलेला तोच फँटम (स्कॅनर तपासायचा नमुना) त्याच सिक्वेन्सने स्कॅन करा. आकडे जुळेपर्यंत नव्या मुलाची नोंद घेऊ नका.