बिबट्यापासून शेळ्या-कोंबड्या वाचवायच्या तर आधी वळचण बंद करा

ठाण्याजवळचं येऊर, ओवळा, गायमुख, नाहीतर पार शहापूर-मुरबाडकडे, जिथे जिथे जंगलाला लागून शेळ्या नि गावठी कोंबड्या पाळतात तिथे पहिला सल्ला ठरलेला असतो, कंपाउंड घाला. सहा फुटी भिंत, वर काचा, मोठा गेट, दोन कुत्री. यातलं काहीच बिबट्याला अडवत नाही. उभ्या जागेवरून दहा फूट वर उडी घेणारं आणि शिकार तोंडात धरून झाडावर चढणारं जनावर आहे ते. कंपाउंड माणसांसाठी ठीक आहे, शेळी मात्र वाचते ती रात्रीच्या बंद गोठ्यात, आणि बंद म्हणजे छपरासकट बंद. पैसे थोडे असतील तर कंपाउंड राहू द्या, सगळे गोठ्यात घाला.

अंधार पडायच्या आत जनावरं आत घेणं, मोजणं, कडी लावणं हे तुम्ही करतच असाल म्हणून त्यावर लिहीत नाही.

गोठा घराला जितका लागून तितका बरा. भोवतीची घाणेरीची झुडपं आणि वाढलेलं गवत वीसेक फुटांपर्यंत साफ करा, बिबट्याला लपून जवळ यायला आडोसा लागतो. छपरावर आलेल्या फांद्या छाटा, झाड तोडायची गरज नाही.

खालची बाजू सोपी आहे. भिंतीला लागून बाहेरून दीड फूट चर खणायचा, जाळी उभी पुरायची आणि तिचं खालचं टोक बाहेरच्या बाजूला वळवून वर दगड-माती दाबायची, म्हणजे उकरणारा जाळीवरच अडकतो. ऐरोली, वाशी, खारघरच्या खारफुटीत कोल्हे आहेत, त्या बाजूला कोंबड्या असतील तर हे टाळू नका.

दार लोखंडी अँगलच्या फ्रेमचं, बाहेर उघडणारं. आत उघडणाऱ्या दारावर बाहेरून जोर आला की सगळा भार कडीवर येतो, बाहेर उघडणारं दार चौकटीवर दाबलं जातं. कड्या दोन, वर आणि खाली.

आता मुख्य काम, आणि मला सगळ्यात जास्त वेळ हेच नीट जमायला लागला. भिंत संपते आणि पत्रा सुरू होतो त्याच्यामधे फूटभर जागा आपण हवेसाठी मुद्दाम मोकळी सोडतो, ती वळचण. बिबट्या तिथून येतो. त्याचं डोकं शिरलं की अंग शिरतंच, तुम्हाला फट कितीही लहान वाटली तरी. आणि आत आला की एक शेळी उचलून निघून जाईल असं समजू नका, बंद जागेत शेळ्या सैरावैरा धावतात आणि तो समोर येईल तिला मारत सुटतो, नेता येते एखादीच, पण सकाळी अख्खा कळप पडलेला असतो. अशी सकाळ ज्याच्या घरी झालीय त्याच्याशी बोला, मग कळेल मी या एका फटीवर एवढा का अडून बसतो ते.

मग लोक सांगतात विटा लावून बंद करून टाका. अजिबात करू नका! आपल्याकडची हवा दमट, चार महिने पाऊस, गोठ्यात मुताचा अमोनिया कोंडला की शेळ्या खोकायला लागतात, न्यूमोनिया होतो आणि आधी करडं जातात. म्हणजे बिबट्यापासून वाचवून आजाराला द्यायची. हवा आली पाहिजे आणि बिबट्या नाही आला पाहिजे, दोन्ही एकत्र साधायचं तर जाळीशिवाय उपाय नाही, आणि जाळी म्हटलं की दुकानदार कोंबड्यांची षटकोनी बारीक तारेची जाळी हातात देतो कारण ती स्वस्त असते. ती घेऊ नका. बिबट्याचं सोडा, रानमांजरही ती फाडतं, आणि खाडीच्या खाऱ्या हवेत ती गंजून हाताने तुटायला लागते. हिरवं शेडनेट तर उन्हासाठीच असतं.

घ्यायची ती वेल्डमेश, म्हणजे जाड तारा वेल्डिंगने जोडलेली जाळी, दोन इंची चौकोन, १० गेज. गेजचा आकडा जितका कमी तितकी तार जाड, त्यामुळे १० नाही म्हणून १४ घ्या म्हणाला तर तिथून उठा. गॅल्वनाइज्ड घ्या आणि कापलेल्या टोकांना झिंकवाला प्रायमर लावा.

बसवताना फॅब्रिकेटरच्या, म्हणजे लोखंडी काम करणाऱ्याच्या, डोक्यावर उभं राहावं लागतं. भिंतीच्या माथ्यावर एक अँगल अँकर बोल्टने आवळायचा, वर पत्र्याखालच्या लोखंडी पाइपला दुसरा अँगल, आणि जाळी या दोघांच्या बाहेरच्या बाजूने. हे बाहेरच्या बाजूने महत्त्वाचं आहे. बिबट्या बाहेरून पंजाने आत दाबणार, तेव्हा जाळी फ्रेमवर टेकते आणि जोर लोखंड घेतं. जाळी आतून लावली तर तोच जोर बोल्टांवर येतो आणि एक सुटला की पुढचे सुटत जातात. जाळीवरून फ्लॅट पट्टी, पट्टीला दर नऊ इंचावर बोल्ट, नट आतल्या बाजूला. तो म्हणेल साहेब बाइंडिंग वायरने बांधतो, काही होत नाही. नाही म्हणायचं, पैसे देऊन झाले असतील तरी उघडून परत करून घ्यायचं.

यातल्या दोन जागा हमखास राहतात. एक म्हणजे बाजूच्या भिंतीवरचा छपराखालचा त्रिकोण, तिथे शिडी नीट लागत नाही म्हणून कामगार गोणपाट नाहीतर प्लायचा तुकडा ठोकून मोकळे होतात. दुसरी म्हणजे छप्पर स्वतः. जुनी कौलं पंजाने सरकतात आणि सिमेंटचा पत्रा मोठ्या नराच्या वजनाने फुटू शकतो, तर अशा छपराखाली आतून पूर्ण जाळी ताणा, खर्च वाढतो पण अर्धं काम करण्यात काही अर्थ नाही. लोखंडी पत्रा असेल तर कडेचे जे-बोल्ट, म्हणजे पत्रा खालच्या पाइपला धरून ठेवणारे वाकडे बोल्ट, सगळे आहेत ना ते बघा.

काम झालं की भर दुपारी दार लावून आत उभे राहा. पत्रा, भिंत, कोपरे, जिथून उजेडाची फट दिसेल तिथे मूठ घालून बघा, मूठ गेली तर काम बाकी आहे. मग जाळीला दोन्ही हातांनी धरून लोंबकळा, पूर्ण वजन टाका. करकरली तर पट्टी वाढवा. फॅब्रिकेटरचा हिशोब यानंतर.

कोंबड्यांना वेगळी अर्धा इंची जाळी लागते, मुंगूस आणि साप दोन इंची चौकोनातून येऊ शकतात. खुराडं गोठ्याच्या आतच ठेवा.

कुत्र्याबद्दल. बाहेर साखळीला बांधलेलं कुत्रं राखण करत नाही, ते स्वतःच शिकार असतं, संजय गांधी नॅशनल पार्कच्या कडेच्या बिबट्यांच्या खाण्यात भटकी कुत्री मोठ्या प्रमाणात आहेत. त्याला रात्री आत घ्या. आणि चिकनचा कचरा, पार्ट्यांचं उरलेलं जेवण उघड्यावर टाकू नका, टाकणाऱ्याला टाकू देऊ नका, त्यावर कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो.

क्लच वायरचे फासे, मांसात विष, कुंपणात मीटरवरून सोडलेला करंट, हे कोणी सुचवलं तर तिथेच थांबवा. करंटने माणसं मेलीत. बिबट्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे, मारला तर थेट जेल आहे. पिंजरा लावून बिबट्या उचलून न्या ही मागणीसुद्धा कामाची नाही, जागा रिकामी झाली की दुसरा येतो, आणि अनोळखी जंगलात सोडलेला बिबट्या जास्त त्रासाचा ठरतो. २००४ मधे नॅशनल पार्कच्या आजूबाजूला हल्ल्यांत बरीच माणसं गेली, त्यामागे बाहेरून आणून सोडलेले बिबटे हे एक कारण सांगितलं गेलं. पाड्यांवरची म्हातारी माणसं वाघबारशीला वाघोबाला नारळ देतात आणि शेळ्या मात्र रात्री घरात बांधतात, मला तेच शहाणपणाचं वाटतं.

आणि शेळी गेलीच तर मेलेलं जनावर हलवू नका, पुरू तर अजिबात नका. जागेवरच फोटो काढा, गळ्यावरच्या सुळ्यांच्या खुणा आणि जमिनीवरचे ठसे दिसतील असे, ठशांवर टोपली पालथी घाला. वनविभागाचा हेल्पलाइन नंबर १९२६. ४८ तासांच्या आत कळवायचं, पंचनामा होऊ द्यायचा, भरपाई त्यावरच मिळते. त्या रात्री उरलेल्या शेळ्या त्याच गोठ्यात बांधू नका, घरात घ्या, कारण अर्धवट राहिलेल्या शिकारीवर बिबट्या परत येतो आणि फट अजून तशीच उघडी असते.