टेपवर्मची गोळी घेण्याआधी आणि घेतल्यावर

मालवणात माझं मेडिकल आहे. "ताई, जंताची गोळी द्या" म्हणत गिऱ्हाईक आलं की मी आधी विचारते, दिसलं काय? शौचात काकडीच्या बीएवढे पांढरे, चपटे तुकडे, त्यातला एखादा वळवळणारा, असं काही सांगितलं तर गोळी देत नाही, डॉक्टरांकडे धाडते. तो टेपवर्म, म्हणजे फितीसारखा लांब, चपटा जंत असू शकतो. शाळेत 10 फेब्रुवारीला देतात ती अल्बेंडाझोलची एक गोळी गोल जंतांना पुरते, टेपवर्मला तिचा भरवसा नाही. तुकडा डबीत घालून तपासणीला न्या.

डॉक्टर बहुधा प्राझिक्वांटेल देतात. किलोमागे 5 ते 10 मिलिग्रॅम, एकदाच. म्हणजे 60 किलोच्या माणसाला 300 ते 600. बुटका टेपवर्म (त्याचीच एक छोटी जात) असेल तर किलोमागे 25, म्हणून शेजाऱ्याची चिठ्ठी आपल्याला चालत नाही. जेवणासोबत घ्या आणि न चावता गिळा, जाम कडू असते. निक्लोसामाइड हे दुसरं औषध दिलं असेल तर उलट, ते चावूनच खायचं.

प्राझिक्वांटेलमुळे जंताच्या अंगात कॅल्शियम घुसतं, स्नायू आखडतात, कातडी फाटते आणि आतड्याला धरलेली डोक्याची पकड सुटते. पुढे आपलेच पाचक रस त्याला पचवतात. म्हणूनच "काहीच पडलं नाही, गोळी फुकट गेली" ही तक्रार बहुतेक वेळा खोटी. खात्री हवी तर 1 आणि 3 महिन्यांनी शौच तपासा. डोकं आत राहिलं तर जंत पुन्हा वाढतो. वावडिंगाच्या भरवशावर मात्र राहू नका.

गोळीआधी डॉक्टरांना एक गोष्ट सांगायचीच: कधी फिट आली होती का, डोकं सतत ठणकतं का. डुकरातल्या टेपवर्मच्या अळ्या मेंदूत गाठी करून असल्या, तर औषधाने त्या मरताना सूज येते आणि झटका येऊ शकतो. तिथे स्टेरॉइडच्या जोडीने, डॉक्टरांच्या नजरेखालीच उपचार होतात. या गाठी मांसातून नाही, जंताची अंडी पोटात गेल्याने होतात, त्यामुळे शाकाहारी माणसालाही होऊ शकतात. टीबीचं रिफाम्पिसिन चालू असेल तर प्राझिक्वांटेल चालत नाही. फिटच्या काही गोळ्यांनी त्याचा जोर कमी होतो. गरोदर असाल तर तेही सांगा.

"मासळीतून झाला असेल का हो?" हे इथे हमखास विचारतात. रटरटून शिजलेल्या बांगड्याच्या तिखल्यातून होत नाही. अर्धकच्चं डुकराचं मांस किंवा बीफ खाल्लं होतं का, ते आठवा. आणि गोळी घेतल्यावर काही दिवस संडासहून आल्यावर साबणाने हात धुण्यात कुचराई नको, मरत्या जंताचीही अंडी बाहेर पडतात.