पहिली भिंत रचताना

माझ्याकडे नवी मुलं शिकायला आली की पहिल्या दिवशी मी त्यांच्या हातात थापी देत नाही, दोरी देतो. कोपरा काटकोनात नसेल तर पुढची सगळी मेहनत वाया. एका बाजूवर 3 फुटांवर खूण करा, दुसरीवर 4 फुटांवर; दोन खुणांमधलं तिरकं अंतर बरोबर 5 फूट भरलं पाहिजे. पाव इंचाचा जरी फरक पडला तरी दोरी सोडा, पुन्हा बांधा.

मातीच्या विटा पाण्यात बुडवा आणि बुडबुडे थांबेपर्यंत काढू नका. कोरडी वीट मसाल्यातलं पाणी ओढून घेते, सांधा भुसभुशीत राहतो. मसाल्याला 1 भाग सिमेंट, 6 भाग वाळू. अर्ध्या तासात संपेल एवढाच कालवा. हातमोजे घालाच. ओल्या सिमेंटनं कातडी भाजते. शिकाऊ असताना माझी बोटं सोलवटली होती, तेव्हा हे सांगणारं कुणी नव्हतं.

सांध्यावर सांधा येऊ देऊ नका. दर तीन-चार थरांनी ओळंबा, म्हणजे दोऱ्याला टांगलेलं वजन, सोडा, तो पुरता स्थिर झाल्यावरच दोरा आणि भिंत यांतलं अंतर वर-खाली मोजा. बांधून झाल्यावर भिंत किमान 7 दिवस ओली ठेवा.