खरचटलेल्या अलॉय व्हीलची घरच्या घरी दुरुस्ती

स्पोर्ट्स कारच्या टायरची भिंत बुटकी असते. गाडी फुटपाथला जरा घासली की टायरच्या आधी रिमची कडच सोलवटते. असे ओरखडे घरी नीट निघतात, मात्र प्रत्येक चाकाला घरी हात लावायचा नसतो.

म्हणून आधी पारख. गाडी जमिनीवर असतानाच नट थोडे सैल करा, मग जॅक लावून खाली स्टँड द्या आणि चाक काढा. मागची बाजूही बघा, कारण खड्ड्यात आपटलेल्या रिमला तडा बऱ्याचदा आतल्या कडेला जातो. हवा सारखी कमी होत असेल तर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे दिसतील. तडा गेलेलं किंवा वाकलेलं चाक पुट्टीने झाकणं म्हणजे जिवाशी खेळ. ते जाणकाराकडेच न्या. चकचकीत आऱ्यांवर बारीक गोल रेषा दिसत असतील तर तो डायमंड कट. तसा पृष्ठभाग लेथवरच परत मिळतो, आणि दर वेळी थोडा धातू जातो. क्रोमचं चाकही बाजूला ठेवा. दोन-तीन भाग बोल्टने जोडलेलं चाक असेल तर ते बोल्ट उघडू नका. हवा रोखणारा सांधा तिथेच असतो.

उरलेलं, म्हणजे रंगवलेलं चाक, घरी करता येतं. सौम्य शाम्पूने धुवा. ब्रेकची काळी भुकटी चिकटून बसते, पण ती काढायला तीव्र आम्लाचा क्लीनर वापरू नका. उघडं ॲल्युमिनियम त्याने डागाळतं. टायर काढता आला तर उत्तम. नाहीतर थोडी हवा सोडा आणि टायर व रिमच्या फटीत खेळायचे जुने पत्ते ओळीने खोचा. मास्किंग टेपपेक्षा हे झटपट होतं आणि रंग टायरवर उडत नाही.

खरा वेळ घासण्यात घालवा. वर आलेले धातूचे काटे बारीक कानशीने उतरवा, मग २४० नंबरचा पॉलिश पेपर, त्यानंतर ४००. मास्क लावा. जुना रंग जिथे संपतो तिथे नख फिरवा. नख अडकलं तर नव्या रंगाखालीही ती पायरी दिसणारच. लॅकरखाली, म्हणजे वरच्या पारदर्शक थराखाली, पांढऱ्या, अळीसारख्या रेषा असतील तर तो गंज आहे. तिथे चमकता धातू दिसेपर्यंत खरवडा, नाहीतर तो नव्या थराखालून पुन्हा पसरतो.

घासून न जाणाऱ्या खोल खाचेतच धातूची इपॉक्सी पुट्टी भरा, तीही पातळ. सुकल्यावर ४०० ने सपाट करा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. उघड्या ॲल्युमिनियमवर ऑक्साइड लगेच धरतं, तेव्हा प्रायमर त्याच दिवशी मारा. काही आम्लयुक्त प्रायमर पुट्टीवर चालत नाहीत, डबा वाचून घ्या.

रंगवण्याआधी नटच्या बैठका आणि हबला (गाडीच्या ज्या भागावर चाक बसतं त्याला) टेकणारा मागचा भाग टेपने झाका. तिथला रंग दाबाने चेपतो आणि घट्ट केलेला नट नंतर सैल पडतो. सुंदर चाकांवर ही चूक हमखास दिसते.

स्प्रे २०-२५ सेंटिमीटरवरून, हात न थांबवता. पहिला थर विरळ, ठिपक्याठिपक्यांचाच हवा. एकदम झाकायला गेलात की ओघळ आलाच. दोन थरांमध्ये १०-१५ मिनिटं. मेटॅलिक रंग मध्येच घासू नका, चमक विस्कटते. शेवटी क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर. पावडर कोटिंग जास्त टिकाऊ, पण त्याला सुमारे २०० अंश सेल्सिअसची भट्टी लागते, म्हणजे ते घरचं काम नाही.

रात्रभर सुकू द्या. टायर काढला असेल किंवा रिमला लावलेली बॅलन्सिंगची वजनं हलली असतील तर बॅलन्सिंग करून घ्या. नट आधी हातानेच बसवा, मग एकाआड एक, समोरासमोरचे, गाडीच्या पुस्तिकेतल्या टॉर्कवर, म्हणजे आवळण्याच्या ठरलेल्या जोरावर, आवळा. साधारण ८० ते १०० किलोमीटर चालवून टॉर्क पुन्हा तपासा, आणि पहिले काही आठवडे त्या चाकांना व्हील क्लीनर लावू नका.