अँजिओप्लास्टी झाली, आता जांघेकडे लक्ष कसं ठेवायचं

हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट, म्हणजे ती उघडी ठेवणारी बारीक जाळी, बसला की घरचे सगळे छातीचंच विचारतात, त्यासाठी जांघेतून किंवा मनगटातून नळी जिथून घातली ती जागा कुणी बघतच नाही. आमच्या दाजींनी चौथ्या दिवशी बुलेटला किक मारली आणि जांघेत लिंबाएवढी गाठ आली, हात लावला तर नाडीसारखी उडत होती.

पहिलं काम दवाखान्यातच करायचं. डिस्चार्जच्या आधी ती जागा स्वतः बघा, काळंनिळं पडलं असेल तर कडेनं पेनानं रेघ मारून घ्या, म्हणजे घरी गेल्यावर डाग रेघेबाहेर पसरतोय का ते लगेच कळतं.

घरी आठवडाभर ५ किलोच्या वर काही उचलायचं नाही. आपल्या सोलापुरात नळाला पाणी आलं की घरात पळापळ होते, तरी पेशंटनं घागरीला हात लावायचा नाही, मनगटातून केलेलं असेल तरी नाही. उकिडवं बसू नका, कमोडची खुर्ची आणा, खोकला आला की जांघेवर तळहात दाबून धरा.

रक्त आलंच तर सपाट झोपवा आणि स्वच्छ कापड ठेवून भोकाच्या जरा वर, पोटाच्या बाजूला, दाबा, कारण सुई तिरकी जाते, रक्तवाहिनीचं भोक कातडीच्या भोकापेक्षा वर असतं. १० मिनिटं सलग दाबायचं, मधेमधे उचलून बघायचं नाही, हळद-तंबाखू तर अजिबात भरायची नाही. चिळकांडी उडत असेल तर दाबत दाबतच १०८ ला फोन लावा.

उडणारी गाठ म्हणजे वाहिनीच्या भोकातून रक्त बाहेर येऊन साठतंय. ती चोळायची नाही, शेकायची नाही, डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी करायची. लहान असेल तर कधीकधी आपोआप बंद होते, नाहीतर सोनोग्राफीत बघून दाबतात किंवा इंजेक्शन देतात, दाजींचं इंजेक्शनवर भागलं.

मला जास्त भीती वाटते ती न दिसणाऱ्या रक्ताची. बाहेर काहीच नाही, पण कंबर, कूस दुखते, घाम, चक्कर. लोक बाम चोळत बसतात आणि रक्त आत पोटामागं साठत असतं. तेव्हा थांबायचं नाही, थेट इमर्जन्सीला. पाय किंवा हात गार, पांढरा, बधिर पडला तरी तेच.

आणि डाग बघून घाबरून रक्त पातळ करायच्या गोळ्या आपल्या मनानं बंद करू नका, स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. आधी डॉक्टरांना फोन करा.